नाव सारखं, शेपूट वेगळं! (मदरबोर्ड निवडताना...)

सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला मोबाईल वाजला. साताऱ्याहून मामेभाऊ ओंकार.

"दादा, परवा बाबांबरोबर मुंबईला येतोय, लॅमिंग्टन रोडला. कॉम्प्युटरचं सगळं ठरलंय, फक्त मदरबोर्ड राहिलाय. दुकानदाराने तीन सांगितलेत. तिन्ही सारखेच दिसतात रे! पण पहिल्यात आणि तिसऱ्यात अकरा हजारांचा फरक आहे. कुठला घेऊ?"

घरातला एक मुलगा इंजिनिअरिंगला गेला की मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं खातं त्याच्याकडे येतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. त्यात मी इलेक्ट्रिकलचा. म्हणजे नातेवाइकांच्या मते ज्याला वायर आहे ते सगळं मला कळतं.

पण हा फोन हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मामांचं किराणा मालाचं दुकान आहे. "बारावीला चांगले मार्क पाड, कॉम्प्युटर देतो," असा शब्द त्यांनी दिला होता. ओंकारने मार्क पाडले आणि मामांनी एक एफडी मोडली. बजेट बरोबर एक लाख, वर एक रुपया नाही. त्यात २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती भडकल्या, त्यामुळे आधी केलेला हिशोब कोलमडलेला. अशा वेळी अकरा हजार म्हणजे गंमत नाही. शिवाय मी स्वतः मदरबोर्डच्या बाबतीत एकदा चांगलाच पोळलेलो आहे. (ती कहाणी पुढे येईलच.)

तर मित्रांनो, फाईल बाजूला ठेवली आणि ओंकारला जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे. आपल्या हॉस्टेलवरही दर महिन्याला कोणी ना कोणी कॉम्प्युटर जोडत असतं आणि दर वेळी गाडी याच स्टेशनवर अडते.

आधी एक कटू सत्य

मदरबोर्ड तुम्हाला फ्रेम्स देत नाही. गेम किती सफाईने चालेल हे ठरवतात मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, आणि त्यांच्या मागोमाग रॅम. तोच प्रोसेसर, तेच कार्ड, त्याच सेटिंगची रॅम एका स्वस्त आणि एका महाग बोर्डावर लावून बघा. दोन्ही बोर्ड धड असतील तर फरक एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे क्वचितच जातो. बोर्डाचं काम सगळ्यांना जागा देण्याचं, वीज देण्याचं आणि एकमेकांशी बोलू देण्याचं. लग्नातल्या कार्यालयासारखं. कार्यालय गळकं असेल तर लग्नाचा विचका होतो हे खरं. पण कार्यालयाला झुंबरं जास्त आहेत म्हणून जेवण चांगलं होत नाही!

म्हणून प्रश्न "सगळ्यात भारी बोर्ड कोणता?" असा नाहीच. प्रश्न असा आहे की, "मला लागणाऱ्या गोष्टी नीट देणारा सगळ्यात स्वस्त बोर्ड कोणता?" वाचलेला पैसा मग ग्राफिक्स कार्डाकडे वळवायचा.

चिपसेट म्हणजे काय रे भाऊ?

ओंकारचा प्रोसेसर ठरलेला होता : एएमडीचा रायझन ५ ७६००. तो बसतो एएम५ सॉकेटमध्ये. हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, त्याला १७१८ पिना आहेत (आणि त्या बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाहीत, बोट लावाल तर रडाल) आणि त्यात फक्त डीडीआर५ रॅम चालते. या सॉकेटसाठी २०२४ नंतरही नवे प्रोसेसर येत राहतील, निदान २०२७ पर्यंत, असं एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केलेलं आहे. म्हणजे बोर्ड तोच ठेवून पुढे प्रोसेसर बदलता येईल. बोर्ड निवडताना हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आता दुकानदाराचे तीन बोर्ड बघा. पहिला साधा बी६५०, दुसरा बी६५० पण वायफायवाला, तिसरा एक्स८७०. ही अक्षरं-आकडे म्हणजे चिपसेटचं नाव. प्रोसेसरला स्वतःला जेवढ्या वाटा (लेन्स) आहेत त्या पुरत नाहीत, म्हणून यूएसबी, सॅटा, जादा एम.२ स्लॉट वगैरे सांभाळायला बोर्डावर एक वेगळी चिप असते, तो चिपसेट.

आणि इथे खरी गंमत आहे. बी६५० (२०२२), बी८५० (२०२५) आणि एक्स८७० (२०२४) या तिन्ही नावांखाली चिप एकच आहे! एएमडीच्या लेखी तिचं नाव 'प्रोमोंटरी २१'. एक्स६७० आणि एक्स८७०ई यांच्यात तीच चिप दोनदा बसवलेली असते, एवढंच. मग नावं वेगळी का? कारण नाव म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला घालून दिलेली अट. एक्स८७० म्हणायचं असेल तर ग्राफिक्स स्लॉट आणि एक एम.२ स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ५.० चे हवेत आणि यूएसबी४ हवंच हवं. बी८५० म्हणायचं असेल तर निदान एक एम.२ स्लॉट ५.० चा हवा. बी६५० वर अशी सक्ती नाही, कंपनीने दिलं तर दिलं.

मोठा आकडा म्हणजे चांगला बोर्ड, असंही समजू नका. बी८४० हा आकडा बी६५० पेक्षा मोठा आहे ना? पण त्याच्या चिपसेटकडून मिळणाऱ्या लेन्स जुन्या ३.० वेगाच्या आहेत आणि त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. रोल नंबर मोठा म्हणून मार्क जास्त पडत नाहीत, तसंच हे.

शेपट्यांचं पुराण

चिपसेट कळला तरी सुटका नाही, कारण पुढे शेपटी असते. एसुसचं एकच उदाहरण घ्या : 'प्राईम बी६५०एम-ए', 'प्राईम बी६५०एम-ए II', 'प्राईम बी६५०एम-ए वायफाय', 'प्राईम बी६५०एम-ए वायफाय II', 'प्राईम बी६५०एम-ए एएक्स', 'प्राईम बी६५०एम-ए एएक्स II'... श्रावणातल्या कहाणीसारखी यादी संपत नाही. बाकीच्या कंपन्याही यात मागे नाहीत.

यातलं जे ओळखता येतं ते ओळखून ठेवा. आकड्यानंतरचा 'एम' म्हणजे मायक्रो-एटीएक्स, २४४ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड. पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४ चा असतो. 'आय' असेल तर बहुधा मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७०. 'वायफाय', 'एएक्स' किंवा 'एसी' म्हणजे बोर्डावरच वायफाय आहे. इंटेलच्या बी७६० सारख्या बोर्डांवर 'डी४' दिसलं तर रॅम डीडीआर४ लागते. त्याच नावाच्या 'डी४' नसलेल्या भावात ती बसणारसुद्धा नाही, खाच वेगळी आहे. 'गेमिंग', 'प्रो', 'एलिट' वगैरे शब्दांना मात्र तांत्रिक अर्थ काहीही नाही. ती मालिकांची नावं आहेत. 'गेमिंग' लिहिलेला बोर्ड जास्त गेमिंग करत नाही!

शिवाय काही कंपन्या बोर्डाच्या कोपऱ्यात 'रेव्ह १.०', 'रेव्ह १.१' असं बारीक छापतात. नाव अगदी तेच, पण आतले भाग बदललेले असू शकतात. म्हणून बोर्डाची माहिती वाचताना आवृत्तीचा आकडा जुळतोय का तेही बघायचं.

खरा फरक कुठे असतो?

*१) व्हीआरएम :* इथे माझ्या इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी कान टवकारावेत. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये जो बक कन्व्हर्टर आपल्याला ओरलला हमखास भेटतो (मला दोनदा भेटला, कारण केटी लागली होती), तोच इथे प्रोसेसरच्या भोवती रांगेत बसलेला असतो. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला हवे असतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॅट. १.२ व्होल्ट धरून भागाकार करा, जवळजवळ ७३ अँपिअर! घरातला २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो. आता कळलं काम किती जड आहे ते?

एवढा करंट एकटा मॉस्फेट पेलणार नाही, म्हणून तो अनेक फेजमध्ये वाटतात. '८+२+१' असं लिहिलेलं असतं त्यातले पहिले आठ प्रोसेसरच्या कोअर्ससाठी. ७३ भागिले ८ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ९ अँपिअर. आरामात! पण त्याच सॉकेटमध्ये १७० वॅटवाला रायझन ९ बसवला तर त्याची मर्यादा २३० वॅट आहे, म्हणजे करंट १९० अँपिअरच्या पुढे. करंट झाला २.६ पट, पण रेझिस्टन्समधली उष्णता आय-स्क्वेअर-आरने वाढते, म्हणजे जवळपास ७ पट. तोच बोर्ड आता तापेल, आणि फारच तापला तर प्रोसेसरचा वेग खाली आणेल.

निष्कर्ष काय? सहा कोअरच्या प्रोसेसरला साधा व्हीआरएम पुरतो. मात्र पुढे मोठा प्रोसेसर टाकायचा विचार असेल तर मॉस्फेटवर धातूचा हीटसिंक आहे की नाही एवढं नक्की बघा. अगदी स्वस्त बोर्डांवर तो कधी कधी नसतोच. ज्यांच्या गावी उन्हाळ्यात पारा ४४ ला टेकतो, त्यांनी तर यात काटकसर करूच नये. आणि फेजच्या नुसत्या आकड्यावर भाळू नका. आठ चांगल्या फेज बारा सुमार फेजपेक्षा बऱ्या.

*२) स्लॉट आणि लेन्स :* रायझन ७६०० कडे वापरता येतील अशा २४ लेन्स आहेत, १६ ग्राफिक्स कार्डला आणि बाकीच्या एम.२ एसएसडी वगैरेंना. बी६५० वर ग्राफिक्स स्लॉट सहसा ४.० चा असतो. "दादा, मग ५.० चं कार्ड त्यात अडकणार नाही का?" ओंकारचा प्रश्न. नाही. ४.० च्या एका लेनमधून सेकंदाला साधारण २ गिगाबाइट जातात, १६ लेन्समधून ३२. मध्यम बजेटच्या कार्डाला तेवढं पुष्कळ झालं. अडचण कधी येते? कार्डालाच लेन्स कमी असतील आणि स्लॉट जुना असेल तेव्हा. २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला फक्त ४ लेन्स होत्या. ४.० च्या बोर्डावर ते ठीक चालायचं, ३.० च्या जुन्या बोर्डावर मात्र बऱ्याच गेममध्ये धाप लागायची.

उलटी फसगतही होते. स्लॉट १६ लेन्सचा असला तरी प्रोसेसर तेवढ्या देईलच असं नाही. रायझन ५ ८५०० जी हा त्याच एएम५ सॉकेटचा प्रोसेसर ग्राफिक्स कार्डला फक्त ४ लेन्स देतो. बोर्ड कितीही महाग घ्या, चारच्या पाच होणार नाहीत.

आणि मॅन्युअलमधली बारीक अक्षरं वाचा. 'हा एम.२ स्लॉट वापरल्यास अमुक सॅटा पोर्ट बंद', 'या स्लॉटमध्ये एसएसडी लावल्यास ग्राफिक्स कार्डला ८ लेन्स' अशी वाक्यं तिथेच दडलेली असतात. काही एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ साठीच ४ लेन्स खर्ची पडतात आणि दुसऱ्या एम.२ स्लॉटला वाटेकरी व्हावं लागतं. महाग बोर्डावर स्लॉट जास्त दिसतात, पण सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालतीलच असं नाही.

*३) रॅम :* चार स्लॉट बघून हुरळू नका. एएमडीच्या अधिकृत आकड्यांनुसार ७००० मालिकेच्या प्रोसेसरवर दोन कांड्या डीडीआर५-५२०० ने चालतात, चार लावल्या तर ३६०० वर उतरतात. म्हणून दोनच कांड्या घ्या, त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा (बोर्ड चार स्लॉटचा असेल तर), आणि बायोसमध्ये जाऊन 'एक्सपो' चालू करा. ६००० च्या रॅमचे पैसे देऊन वर्षभर ती ४८०० वर चालवणारे महाभाग आपल्याच हॉस्टेलवर आहेत! दोन स्लॉटचा बोर्ड असेल तर घाबरायचं कारण नाही; फक्त पुढे रॅम वाढवताना जुनी काढून विकावी लागेल, हे लक्षात ठेवा.

आता माझी कहाणी

फर्स्ट इयरला असताना मी बी४५० चा बोर्ड आणि रायझन ५ ५६०० घेतला. सॉकेट एएम४, दोघांचंही तेच. कंपनीच्या यादीत हा प्रोसेसर 'चालतो' असं लिहिलेलं. सगळं जोडलं, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखे फिरले, लाईट लागले, आणि स्क्रीन काळी! रात्री तीनपर्यंत रॅम काढ-घाल केली. सकाळी दुकानात गेलो तर "बोर्ड चांगला आहे, परत घेणार नाही," असं उत्तर. आणि तो खोटं बोलत नव्हता.

झालं असं होतं की बोर्ड जुन्या साठ्यातला होता. ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखायला लागणारी बायोसची आवृत्ती त्यात नव्हती. यादीत चालतो लिहिलं होतं, पण शेजारच्या रकान्यात 'कोणत्या बायोसपासून' हेही लिहिलं होतं, ते मी वाचलंच नाही. शेवटी एका सीनियरने त्याचा जुना रायझन ५ २६०० तासाभरासाठी उधार दिला, त्यावर बायोस अपडेट केलं आणि मशीन उठलं. बदल्यात त्याच्या दोन जर्नल्स उतरवून द्याव्या लागल्या.

ही गोष्ट एएम४ बरोबर संपली असं समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये रायझन ९००० मालिका आली, आणि त्याआधी खोक्यात भरलेल्या बी६५० बोर्डांना तिच्यासाठी नवीन बायोस लागतं. म्हणून बोर्डाच्या मागे 'बायोस फ्लॅशबॅक'चं बटण असेल तर त्याला मी मार्क देतो. पेनड्राईव्हवर फाईल टाकायची, बटण दाबायचं. प्रोसेसर नसतानाही बायोस अपडेट होतं. हे बटण माझ्या बोर्डावर असतं तर जर्नल्स वाचली असती.

कशासाठी पैसे देऊ नयेत?

रंगीत दिवे, मोठं चिलखत, '५.० एसएसडी'चा स्लॉट (गेम लोड होण्यात ४.० आणि ५.० मधला फरक जाणवेल न जाणवेल इतकाच) आणि '२.५ गिगाबिट गेमिंग लॅन'. घरी १०० किंवा २०० एमबीपीएसचं कनेक्शन असताना साधा गिगाबिट पोर्ट उरून पुरतो. गेममधलं लॅग तुमच्या आणि सर्व्हरच्या मधल्या रस्त्यावर ठरतं, बोर्डावरच्या पोर्टवर नाही.

मग निवडायचं कसं?

एक कोरा कागद घ्या. डावीकडे तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी लिहा : प्रोसेसर (आजचा आणि पुढचा), ग्राफिक्स कार्ड, एसएसडी किती, रॅम किती, वायफाय हवं का, कॅबिनेट केवढं, मागे यूएसबी किती. मग प्रत्येक बोर्डाच्या कंपनीच्या साईटवरचं तपशिलाचं पान आणि मॅन्युअल उघडा आणि एकेक गोष्टीसमोर खूण करा. खोक्यावर आणि दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नका. सगळ्या खुणा मिळवणारा सगळ्यात स्वस्त बोर्ड तुमचा.

ओंकारबरोबर फोनवरच हा कागद भरला. त्याची खोली माळ्यावर, लॅनची वायर तिथे जात नाही, वायफाय हवं. दोन-तीन वर्षांनी आठ कोअरचा प्रोसेसर टाकायचा विचार. म्हणजे व्हीआरएमवर हीटसिंक हवा. एसएसडी आता एक, पुढे अजून एक. यूएसबी४ ला लावण्यासारखं त्याच्याकडे काहीच नाही. पहिला बोर्ड वायफाय आणि हीटसिंकवर नापास झाला. दुसरा सगळ्यात पास, फ्लॅशबॅकच्या बटणासकट. तिसराही सगळ्यात पास, पण त्याच्या जादा किमतीत होत्या त्या सगळ्या न लागणाऱ्या गोष्टी. दुसरा पहिल्यापेक्षा साडेतीन हजारांनी महाग, तिसऱ्यापेक्षा साडेसात हजारांनी स्वस्त. त्या साडेसात हजारांत ८ जीबीऐवजी १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड बसलं. फ्रेम्स मिळतात त्या इथे!

इतका वेळ स्पीकरवर गप्प ऐकत असलेले मामा तेव्हा बोलले, "म्हणजे आमच्या साबणासारखंच आहे की रे. आत वडी तीच, रॅपर तीन तऱ्हेची!"

मी म्हटलं, "हो मामा. फक्त एखाद्या रॅपरमध्ये वडी खरंच मोठी असते. ती कुठली, ते वजन करूनच बघायचं."

तिसऱ्या दिवशी ओंकारचा मेसेज आला. दुकानात मामांनी खोकं उघडून घेतलं, बोर्डावरचं नाव अक्षर-अक्षर लावून बिलाशी ताडून पाहिलं आणि बिलात 'वायफाय' हा शब्द राहिला होता तो लिहायला लावला. तीस वर्षं काउंटरच्या पलीकडे उभं राहिलेला माणूस!

कॉम्प्युटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला. माझं सबमिशन मात्र उशिरा झालं. पण ते नेहमीचंच.